खटक्याची पारख

अमेरिकेतील अटलांटा शहरात दर उन्हाळ्यात ‘ब्लेड शो’ नावाचे चाकूंचे मोठे प्रदर्शन भरते. लांबच लांब दालन, ओळीने मांडलेली टेबले, टेबलामागे चाकू घडवणारा कारागीर स्वतः उभा आणि समोर कापडावर ठेवलेले त्याचे मोजके चाकू. नवखा प्रेक्षक मुठीवरच्या चमकत्या शिंपल्याकडे किंवा पात्यावरच्या लहरी नक्षीकडे बघत राहतो. मुरलेला संग्राहक मात्र परवानगी घेऊन चाकू उचलतो, नखाने पाते अलगद वर काढतो आणि कान देऊन ऐकतो. पाते अर्ध्यावर आले की एक ‘टक’, पूर्ण उघडले की दुसरा, जरा खणखणीत ‘टक’. मिटताना तेच दोन आवाज उलट्या क्रमाने. दोन्ही वेळा आवाज स्वच्छ आला आणि मधे कुठे पाते अडखळले नाही, तरच तो चाकू उलटून बाकीचे बघायला लागतो.

सरळ पात्याचा चाकू कितीही सुंदर असला तरी त्यात हलणारे काही नसते. पोलाद चांगले, पाणी नीट दिलेले, धार योग्य कोनात लावलेली आणि मूठ हाताला बसणारी असली की काम झाले. घडीचा चाकू हे मात्र खिशात मावणारे यंत्र आहे. त्याला खीळ आहे, स्प्रिंग आहे, अडण आहे आणि हे सगळे भाग रोज एकमेकांवर घासणार आहेत. हाताने बनवलेल्या घडीच्या चाकूची किंमत याच घासणाऱ्या जागांमध्ये दडलेली असते. सोने, मोती, कोरीव काम नंतर येते. चोखंदळ संग्रह आणि नुसता महागडा संग्रह यांतला फरकही इथेच कळतो.

सर्वांत जुनी आणि दिसायला साधी रचना घ्या. मुठीच्या पाठीत एक लांब पोलादी पट्टी बसवलेली असते, तीच स्प्रिंग. पात्याचे बूड खिळीभोवती फिरताना या पट्टीवर दाबले जाते. पाते कुलूपबंद होत नाही. पट्टीचा दाब त्याला उघडे किंवा मिटलेले धरून ठेवतो, इतकेच. बूड चौकोनी घासले असेल तर पाते अर्ध्यावरही क्षणभर थांबते आणि मिटताना बोटे सावरायला वेळ मिळतो. आता यातली खरी परीक्षा. पाते मिटलेले असो, अर्धे असो वा पूर्ण उघडे असो, तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी अगदी सपाट आली पाहिजे. अंगठा फिरवला तर कुठेही पायरी लागता कामा नये. त्यासाठी बुडाच्या तिन्ही बाजू खिळीपासून नेमक्या अंतरावर घासाव्या लागतात. केसभर जास्त घासले गेले तर ते पोलाद परत लावता येत नाही आणि पाते टाकून द्यावे लागते. मिटलेल्या पात्याची धार आतल्या स्प्रिंगवर आपटून बोथट होऊ नये, म्हणून बुडाशी एक छोटा उंचवटाही ठेवतात. कारागीर तात्पुरत्या खिळीवर चाकू जोडतो, चाल बघतो, सोडवतो, कानस मारतो, पुन्हा जोडतो. शेवटी खीळ ठोकून तिचे डोके घासून असे मिळवतो की ती होती कुठे हेही दिसू नये. त्या ठोक्यानंतर दुरुस्तीची वाट जवळपास बंद होते.

या साध्या रचनेतला अलीकडचा सर्वांत मानाचा कारागीर म्हणजे इंडियाना राज्यातील शेलबर्न या लहानशा गावचा टोनी बोस. २०२० साली तो गेला. शंभर वर्षांपूर्वी शेतकरी, गुराखी आणि सुतार खिशात बाळगत असत ते चाकू त्याने गोळा केले, उघडून अभ्यासले आणि तेच आकार आजच्या उत्तम पोलादात, मूळ कारखान्यांनाही कधी जमली नव्हती इतक्या नेटकेपणाने घडवले. पेनसिल्व्हेनियातील ‘केस’ या जुन्या कंपनीने त्याच्या नमुन्यांवरून चाकू काढले. त्याच्या हातच्या चाकूला ना कोरीव काम, ना सोने. हाडाची किंवा शिंगाची मूठ, एक-दोन पाती, बस. तरीही त्यासाठी संग्राहक वर्षानुवर्षे थांबत. झगमगीत चाकूत एखादी चूक नक्षीखाली लपू शकते. बोसच्या चाकूत लपायला जागाच नाही, आणि म्हणून या लेखकाच्या मते तो जास्त अवघड चाकू आहे.

बोसने ज्या परंपरेचा अभ्यास केला तिचे मूळ इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात आहे. तिथल्या चाकूकारांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात शेफिल्डच्या खिशातल्या चाकूंनी जग व्यापले. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही तिथली सर्वांत नामांकित पेढी. १८२२ साली तिने १८२२ पात्यांचा एक अचाट चाकू बनवला आणि पुढे सालागणिक त्यात पाती वाढत गेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तिने ७५ पात्यांचा ‘नॉरफोक चाकू’ घडवला. त्याच्या मोठ्या पात्यांवर देखावे कोरलेले आहेत. हे चाकू वापरायचे नव्हतेच. आमच्या कारागिरांच्या हातांना काय साधते, याची ती उघड जाहिरात होती. केवळ बघण्यासाठी आणि बाळगण्यासाठी घडीचा चाकू करण्याची प्रथा अशी दोन शतके जुनी आहे.

शेफिल्डमधली कामाची पद्धत मात्र बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांची होती. एक जण पाती ठोके, दुसरा सहाणेवर घासे, तिसरा जोडणी करी. भाड्याच्या लहान खोल्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या कारागिरांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांतला शेवटचा मोठा माणूस स्टॅन शॉ. १९२६ चा जन्म. वयाच्या चौदाव्या वर्षी तो जॉर्ज इबरसन यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि नव्वदी ओलांडली तरी केल्हम आयलंड संग्रहालयातल्या आपल्या खोलीत बसून चाकू करत राहिला. सर्व टप्पे तो एकटा करी. पाते, स्प्रिंग, पितळी अस्तर, शिंपल्याची मूठ आणि पाठीच्या पट्टीवर कानशीने काढलेली बारीक नक्षीसुद्धा. २०१७ साली त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले, २०२१ मध्ये तो वारला. त्याच्याकडे मागणी नोंदवलेल्यांना कित्येक वर्षे वाट बघावी लागे आणि काहींची पाळी आलीच नाही. शॉच्या चाकूंचा फोटो बघून काही कळत नाही. हातात घेतल्यावर, तीन-चार पाती एकमेकांना न घासता एकाच अरुंद फटीत कशी बसली आहेत हे दिसते, तेव्हा माणूस गप्प होतो.

आज ज्याला संग्राहकांचे जग म्हणतात ते मात्र अमेरिकेत उभे राहिले आणि तेही बऱ्याच उशिरा. १९५३ साली बॉब लव्हलेस या तरुण खलाशाला फ्लॉरिडातील बो रँडल यांचा चाकू हवा होता. त्यासाठी बरेच महिने थांबावे लागेल असे दुकानात कळल्यावर त्याने भंगारातल्या १९३७ च्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग घेऊन स्वतःच चाकू ठोकला. हाच लव्हलेस पुढे हस्तनिर्मित चाकूंच्या क्षेत्रातला सर्वांत प्रभावी माणूस ठरला. त्याचे बहुतेक चाकू सरळ पात्याचे होते, पण दोन गोष्टींमुळे घडीचे चाकू करणाऱ्यांवरही त्याचे ऋण आहे. जेट इंजिनासारख्या कामांसाठी बनलेले १५४ सीएम हे गंज कमी धरणारे पोलाद त्याने चाकूत रुळवले. दुसरे म्हणजे १९७० साली ए. जी. रसेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘नाइफमेकर्स गिल्ड’मध्ये तो पहिल्या फळीत होता. या गिल्डच्या प्रदर्शनांमुळे विखुरलेले कारागीर आणि त्यांचे गिऱ्हाईक प्रथमच एका छताखाली आले.

१९७३ साली गिल्डच्या अशाच एका प्रदर्शनात बिल मोरान याने थर जुळवून ठोकलेल्या ‘डमास्कस’ पोलादाचे चाकू मांडले. ही कला पाश्चात्त्य जगात जवळपास विसरली गेली होती. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या भट्टीत तापवून एकजीव करायच्या, दुमडायच्या, पिळायच्या, पुन्हा ठोकायच्या आणि शेवटी आम्लात बुडवायच्या, की थरांची नक्षी वर येते. आज महागड्या घडीच्या चाकूंवर जी पाती दिसतात त्यांतली निम्मी शोभा या पद्धतीची आहे. भारतीय वाचकाने मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. ज्या जुन्या तलवारींमुळे डमास्कस हे नाव गाजले, त्या दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेल्या वुट्झ पोलादाच्या होत्या. त्यातली नक्षी थरांची नव्हती, ती पोलाद थंड होताना आणि पुढे ठोकताना आपोआप उमटे. फ्लॉरिडातील घोड्यांचे नाल ठोकणारा लोहार आल पेंड्रे आणि धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन यांनी अनेक वर्षे प्रयोग करून ते पोलाद पुन्हा बनवले. खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अंशांमुळे ही नक्षी येते, असे त्यांनी १९९८ साली मांडले. भारतातल्या ठरावीक खाणींचे खनिज मिळेनासे झाल्यावर ही विद्या का लोपली असावी, याचा एक पटणारा खुलासा त्यातून मिळतो.

घडीच्या चाकूचे रूप मात्र दोन माणसांनी पालटले. पहिला रॉन लेक. नमुने आणि अवजारे बनवण्याचा त्याचा मूळ धंदा असल्याने इंचाच्या हजाराव्या भागांची भाषा त्याला येत होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ‘इंटरफ्रेम’ चाकू आणला. दोन पट्ट्या लाकडाच्या तुकड्यांत बसवून रिव्हेट ठोकण्याऐवजी त्याने पोलादाची अखंड चौकट कोरली. तिच्यात खोबण पाडून शिंग, शिंपला किंवा लाकूड असे बसवले की सांधा नजरेला पडत नाही. चौकटीच्या शेपटाशी छोटी कळ, ती दाबली की पाते सुटते. घडीचा चाकू दागिन्याच्या पंक्तीला बसला तो लेकमुळे.

दुसरा मायकेल वॉकर. न्यू मेक्सिकोतील ताओस हे त्याचे गाव. १९८० च्या सुमारास घडीच्या चाकूंना पाठीतल्या कुलपाची सोय होती, पण चाकू मिटायला बहुधा दोन हात लागत आणि मुठीवरची पकड बदलावी लागे. एका हाताने, पकड न बदलता उघडेल आणि मिटेल असा चाकू वॉकरला करायचा होता. वीजकाम करणाऱ्यांच्या जुन्या चाकूंत मुठीच्या आतल्या पत्र्याची एक पट्टी कापून तिलाच स्प्रिंग करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरली गेली होती. पण तिथे पाठीतली जाड स्प्रिंगही होतीच. वॉकरने १९८१ च्या सुमारास ती पाठीतली स्प्रिंगच काढून टाकली.

त्याच्या रचनेत मुठीच्या आतल्या अस्तराचा एक लांब भाग चिरून आत वाकवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की ही पट्टी आत उसळते आणि दाराखाली पाचर सारावी तशी पात्याच्या बुडाखाली जाऊन बसते. बूड किंचित तिरके घासलेले असते. वापराने झीज झाली तर पट्टी थोडी आणखी आत सरकते आणि पाते डुगडुगत नाही, म्हणजे झिजेची दुरुस्ती कुलूप आपणच करत राहते. तिरकसपणा जरा जास्त झाला तर दाबाखाली पट्टी निसटते. जरा कमी झाला तर ती अडकून बसते आणि अंगठ्याने हलवता येत नाही. तो नेमका तिरकसपणा साधणे ही आजही कारागिराची परीक्षा आहे. मग प्रश्न आला मिटलेल्या पात्याचा, कारण आता त्याला धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. वॉकरने त्याच पट्टीत मोहरीएवढी कडक गोळी बसवली आणि पात्यात तिच्यासाठी उथळ खळगा पाडला. गोळी खळग्यात पडली की पाते मिटलेले राहते. आजच्या चाकूंचा तो कोरडा, खात्रीचा ‘खट’ बऱ्याच अंशी या गोळीचा आहे. पुढे जगभरातल्या कारखान्यांनी ही रचना लाखोंच्या संख्येने वापरली.

वॉकर तिथे थांबला नाही. टायटॅनियम हा तेव्हा विमानांच्या कारखान्यांतला धातू त्याने चाकूत आणला. हलका, न गंजणारा आणि स्प्रिंगला योग्य. शिवाय त्याला रंग न लावता रंग येतो. द्रावणात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीनुसार प्रकाशाचा रंग बदलतो. व्होल्टेज कमी असेल तर तांबूस, वाढवत नेले की जांभळा, निळा, पुढे पिवळा, गुलाबी, हिरवट. एकाच पात्यात पोलाद आणि टायटॅनियम दातेरी कडांनी एकमेकांत गुंतवलेले त्याचे चाकूही प्रसिद्ध आहेत. एका नव्या कुलपाच्या शोधासाठी महिने घालवून, जमले की त्याचे मोजकेच चाकू करून पुढल्या कोड्याकडे वळायचे, अशी त्याची रीत. त्यामुळे वॉकर जमवणारा संग्राहक एकाच माणसाच्या डोक्यातले विचार क्रमाने जमवत असतो.

पुढची पायरी दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या ख्रिस रीव्हने टाकली. तो अमेरिकेत आयडाहो राज्यात स्थायिक झाला. आतले पातळ अस्तर काढून टाकून त्याने मुठीची जाड टायटॅनियमची बाजूच चिरली आणि तिलाच कुलूप केले. त्याचा ‘सेबेन्झा’ चाकू खऱ्या अर्थाने हस्तनिर्मित आणि कारखानी यांच्या सीमेवर उभा आहे. यंत्राने कापलेला, पण हाताने जुळवलेला. कोलोरॅडोतल्या ‘स्पायडर्को’ने १९८१ मध्येच पात्यात गोल भोक पाडून अंगठ्याने उघडण्याची आणि खिशाच्या कडेला क्लिपने अडकवण्याची सोय आणली होती. आज हजारो डॉलरच्या हस्तनिर्मित चाकूंवरही या कारखानी सोयी दिसतात. देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी झाली आहे.

मुठीच्या सामग्रीची कथा आपल्या जंगलांपर्यंत येते. इंग्लिश आणि अमेरिकन चाकूंवर जे खडबडीत, तपकिरी रेघांचे शिंग दिसते ते बहुतांशी भारतीय सांबराचे. सांबर दरवर्षी शिंगे गाळते आणि ती इतर बहुतेक हरणांच्या शिंगांपेक्षा भरीव असतात. आतला मऊ, सच्छिद्र गाभा कमी, त्यामुळे घासल्यावरही टणक तुकडा उरतो. एकोणिसाव्या शतकापासून ही शिंगे शेफिल्डला जहाजांनी जात होती. गळलेल्या शिंगांच्या नावाखाली मारलेल्या जनावरांची शिंगेही खपवली जात असल्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. ती बंदी योग्यच होती. त्यानंतर परदेशी कारागिरांकडच्या जुन्या साठ्याचे भाव चढत गेले, आणि जुन्या सांबरी मुठीचा चाकू ही वेगळी जमवण्याची गोष्ट झाली. हस्तिदंताचा व्यापार निर्बंधांत अडकल्यावर कारागीर सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणाऱ्या मॅमथच्या दाताकडे वळले. त्यावरही अमेरिकेतल्या काही राज्यांत आता बंदी आहे. म्हणून खरेदी करताना मूठ कशाची आहे आणि तिचे कागद काय, हे विचारणे भाग पडते.

भारतातला हाताने बनणारा सर्वांत प्रसिद्ध घडीचा चाकू उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. ‘वक्त’ या १९६५ च्या चित्रपटात राजकुमारने त्याला जे वजन दिले ते मराठी घरांतही माहीत आहे. पण पडद्यावरच्या गुंडांच्या हाती तो इतका गेला की त्यामागची कारागिरी कोणी बघितलीच नाही. नऊ ते बारा इंचांची पाती, पितळी मूठ आणि खटक्याचे कुलूप. १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि धंदा खालावला. २०२३ साली रामपुरात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारून चौकाला ‘चाकू चौक’ नाव दिले गेले. स्पेनमधील अल्बासेते शहराचीही कीर्ती अशाच घडीच्या ‘नवाहा’ चाकूंवर उभी आहे आणि तिथे चाकूंचे स्वतंत्र संग्रहालय आहे. रामपूरच्या जुन्या चाकूंना, कारागिरांच्या नावासह, असे घर मिळायला हवे. हे चाकू अजून घराघरांतल्या पेट्यांत सापडतील तोवरच ते शक्य आहे.

खरेदीची रीतही वेगळी आहे. नावाजलेला कारागीर वर्षाला मोजकेच चाकू करतो. काही जण मागण्यांची वही ठेवतात आणि ती भरली की बंद करतात. काही जण प्रदर्शनात चिठ्ठ्या टाकून, नाव निघेल त्याला ठरल्या किमतीला चाकू देतात. १९८३ मध्ये फिल लोब्रेड यांनी सुरू केलेल्या ‘आर्ट नाइफ इन्व्हिटेशनल’मध्ये निवडक पंचवीस कारागिरांनाच निमंत्रण असे. चिठ्ठीत मिळालेला चाकू बाहेर पडता पडता दुप्पट भावाने विकणारेही असतात. कारागिरांना ते आवडत नाही, कारण ज्याने तीन वर्षे वाट पाहिली तो रिकाम्या हाती परततो.

नवख्याने किमतीपेक्षा आधी कायदा बघावा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचा, कुलूप नसलेला घडीचा चाकूच विनाकारण जवळ बाळगता येतो. अमेरिकेत कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या राज्याराज्यांतील व्यापारावर १९५८ पासून संघीय निर्बंध आहेत. भारतात घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामाखेरीजची, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, आणि स्थानिक आदेश त्याहून कडक असू शकतात.

मग जपणूक. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला हे जास्त लागू आहे, कारण डमास्कस पाते पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस ठिपके धरते. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि त्यात मुरणारा ओलावा पात्याला खातात. पाते कोरडे करून मेणाचा पातळ हात द्यावा आणि खिळीला तेलाचा एकच थेंब. शंभर वर्षांपूर्वीच्या रंगीत सेल्युलॉइड मुठींपासून तर बाकीचे चाकू दूरच ठेवावेत. ते प्लॅस्टिक जुने झाले की आतून कुजते, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि एकाच पेटीतल्या शेजारच्या सगळ्या पात्यांवर गंज चढतो.

कारागीर हयात असेपर्यंत चाकू त्याच्याकडे परत पाठवून चाल सुधारून घेता येते. तो गेल्यावर हे दार बंद होते. हाताने जुळवलेल्या चाकूचे भाग दुसऱ्या चाकूत बसत नाहीत. कित्येकांत स्क्रूसुद्धा त्याच चाकूसाठी कातलेले असतात. शिवाय गेलेल्या नामांकितांच्या नावाने बनावट चाकूही बाजारात येतात. लव्हलेसच्या बाबतीत हे घडले आहे. पात्यावरचा शिक्का सहज नक्कल करता येतो. म्हणून जाणते संग्राहक चाकूबरोबर कारागिराचे पत्र, बिल, मूळ पाकीट आणि मधल्या मालकांची नावे जपून ठेवतात. आणि तरीही शंका आली, तर पाते उघडून स्प्रिंगच्या पाठीवरून अंगठा फिरवतात.